पंख फुटलेत हिला!

आपल्या भाषेत मुलीला पंख फुटतात ते दोन ठिकाणी. एकदा घरात आणि एकदा सत्कार समारंभात. घरात फुटले की "पंख फुटलेत हिला", "फार उडू नकोस", "पाय जमिनीवर ठेव" असं ऐकवलं जातं, आणि ते छाटण्याची तजवीजही लगेच सुरू होते. समारंभात मात्र तीच मुलगी 'गगनभरारी' घेते. दहावीला नव्वद टक्के मिळाले की भरारी, नोकरी लागली की भरारी, बचत गटाचं कर्ज मंजूर झालं की तीही भरारीच. मैत्रिणींनो, आपल्याच उपक्रमांची नावं आठवून पाहा. भरारी, झेप, आकाश, क्षितिज. म्हणजे मुलीचं उडणं आपल्याला चालतं, पण गुणपत्रिका दाखवून. काही मिळवण्यासाठी उडाली तर ती भरारी, नुसतीच उडाली तर ते उंडारणं. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत मुलींचा आनंद गडप झाला आहे असं माझं म्हणणं आहे. आणि ते मला जपानी चित्रकथांच्या, म्हणजे 'मांगा'च्या, आधारे मांडायचं आहे.

स्त्री-प्रश्नाच्या त्रैमासिकात जपानी चित्रकथा कशाला, असं काहीजणींना वाटेल. त्याचं उत्तर साधं आहे. आपल्या किशोरी गटांतल्या मुली हेच पाहतात. बहुतेकींचा स्वतःचा फोन नसतो. भावाचा फोन अर्धा तास हाती लागला की त्यावर मांगावरून केलेले कार्टूनपट पाहिले जातात. 'डोरेमॉन' तर २००५ पासून हिंदीत आपल्या घराघरांत आहे. एका शिबिरात मुलींना मनातलं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा कितीतरी जणींनी उडणाऱ्या मुली काढल्या. कुणी झाडूवर, कुणी डोक्याला पंखा लावून, कुणी पाठीला पंख लावून. ती चित्रं बघून आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या ताई म्हणाल्या, "या पळवाटा आहेत. बाईला बसमध्ये धड उभं राहू देत नाहीत, आणि या निघाल्या आकाशात." ताईंबद्दल मला अतिशय आदर आहे. पण त्यांचं हे म्हणणं मला मान्य नाही, आणि ते एकट्या ताईंचं नाही म्हणून जाहीरपणे त्याला उत्तर द्यायला हवं.

मांगातल्या उडण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे हायाओ मियाझाकी यांची 'वाऱ्याच्या दरीतली नाउशिका'. ही मांगा 'अनिमेज' या मासिकात १९८२ ते १९९४ अशी मध्येमध्ये खंड पडत बारा वर्षं चालली आणि तिचे सात खंड झाले. त्यातल्या सुरुवातीच्या भागावर १९८४ मध्ये चित्रपट आला. युद्धानं आणि विषानं नासलेल्या जगात एका छोट्या दरीतल्या राजाची ही मुलगी. अकरा भावंडांतली जगलेली एकटीच. हे पात्र रचताना मियाझाकींपुढे दोन मुली होत्या. एक होमरच्या महाकाव्यातली राजकन्या, आणि दुसरी एका प्राचीन जपानी कथेतली किड्यांवर प्रेम करणारी मुलगी. ही दुसरी आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. ती भुवया कोरत नाही, तेव्हाच्या रीतीप्रमाणे दात काळे करत नाही, अंगणात सुरवंट न्याहाळत बसते, आणि म्हणून लोक तिला वेडी म्हणतात.

नाउशिकाकडे उडण्याची दोन साधनं आहेत. एक दरीच्या मालकीचं लढाऊ विमान, आणि दुसरं तिचं हलकं पांढरं ग्लायडर. या ग्लायडरचं नाव जर्मन भाषेतल्या कुरव पक्ष्याच्या नावावरून घेतलेलं आहे. बाप आजारी, म्हणून त्याच्याऐवजी तिला युद्धावर जावं लागतं, ते लढाऊ विमान घेऊन. ते तिचं कर्तव्य. ग्लायडर मात्र तिचं स्वतःचं. त्याच्यावर ती कधी उभी असते, कधी पालथी पडून असते, वारा कुठून येतो हे तिला अंगावर कळतं, आणि तो आला की ती त्याच्यावर स्वार होते. आनंद म्हटलं की आपल्याला गंमत, करमणूक, फार तर विरंगुळा आठवतो. नाउशिकाचा आनंद हा तिच्या शरीरानं कमावलेल्या विद्येचा आनंद आहे. मला वारा वाचता येतो, माझं अंग माझं ऐकतं, हा तो आनंद. ज्या मुलीला वयात आल्यापासून 'नीट बस', 'ओढणी घे', 'दार लाव' याच भाषेत स्वतःच्या शरीराची ओळख करून दिली जाते, तिला आपलं शरीर उडण्याच्याही कामाचं आहे हे दाखवणारं चित्र ही पळवाट कशी?

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासूनच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. आपल्या पिढीनं हे उदाहरण प्रशिक्षणांमध्ये पुष्कळदा ऐकलं आहे. पण ते सांगितलं कसं जातं? वेळ किती वाचला, बाजार किती जवळ आला, उत्पन्न किती वाढलं, असं. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण उतारावर पेडल मारायचं थांबवलं की जो वारा कानात शिरतो, त्याला अहवालात रकाना नाही. एमएसडब्ल्यू करताना मी 'गरज' या संकल्पनेवर पानंच्या पानं लिहिली. 'आनंद' या शब्दावर एकही प्रश्न आल्याचं मला आठवत नाही.

तर मांगा आपल्याला हरवलेला शब्द परत देते, असं मला वाटतं. पण म्हणून तिची आरती ओवाळावी असं मुळीच नाही. उडणाऱ्या मुलीचं प्रत्येक चित्र मुक्तीचं असतं असं समजणं भाबडेपणाचं होईल. अशा चित्रासमोर मी तीन प्रश्न विचारते. ती किती वेळ उडू शकते? तिच्याकडे कोण पाहतंय? आणि या उडण्याची किंमत जमिनीवर कोण मोजतंय?

पहिला प्रश्न घेऊ. १९६६ मध्ये 'रिबन' या मुलींच्या मासिकात 'जादूगारीण सॅली' सुरू झाली. काढणारे मित्सुतेरु योकोयामा, म्हणजे पुरुष. त्या काळी मुलींसाठीच्या मांगांपैकी पुष्कळ मांगा पुरुषच काढत. सॅली जादूच्या राज्यातली राजकन्या. ती पृथ्वीवर येते, मैत्रिणी करते, झाडूवरून उडते. पण आपण जादूगारीण आहोत हे तिला लपवावं लागतं, आणि टीव्हीवरच्या मालिकेत शेवटी तिला आपल्या राज्यात परतावं लागतं. मुलीची ताकद ही अशी मुदतीची असते. लहानपणी उड, नंतर घरी ये. याला मी रजेवरचं उडणं म्हणते. आपल्याला ते परकं नाही. नागपंचमीला झाडाला झोका बांधायचा, उंच न्यायचा, मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगडी खेळायची, गिरकी घेताना पदर सुटला तरी चालतो. त्या रात्री बाईचं शरीर खरंच उडत असतं. पण ती रात्र माहेरची, सणाची, मंजूर झालेली. दुसऱ्या दिवशी झोका सोडला जातो आणि बाई सासरी. रजा ही मालकानं द्यायची असते. म्हणून रजेला हक्क म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न पाहणाऱ्याचा. 'डोरेमॉन'मध्ये डोक्याला चिकटवायचा एक छोटा पंखा आहे, 'ताकेकॉप्टर'. तो लावून सगळी मुलं उडतात, त्यांच्यात शिझुकाही. उडताना ती नोबिताच्या बरोबरीची असते. आणि याच मालिकेत वर्षानुवर्षं एक विनोद चालत आला आहे. नोबिता कुठलंतरी दार उघडतो आणि शिझुका आंघोळ करत असते. ती ओरडते, पाहणाऱ्यानं हसायचं असतं. जपानमध्ये २०२० साली याविरुद्ध सह्यांची मोहीम झाली. मुलग्यांसाठीच्या कित्येक मांगांत तर मुलगी उडते तेव्हा चौकट मुद्दाम खालून काढलेली असते. ती आकाशात, आणि वाचक तिच्या स्कर्टखाली. तिच्या हाती आकाश द्यायचं आणि तिला बघण्याची वस्तूही करायचं, ही चलाखी ओळखायला आपण मुलींना शिकवलं पाहिजे. त्या पटकन शिकतात. जिना चढताना मागे कोण आहे हे त्यांना शिकवावं लागत नाही.

हीच चौकट बायकांच्या हाती आली की काय होतं? 'कार्डकॅप्टर साकुरा' ही मांगा 'क्लॅम्प' या चार बायकांच्या गटानं १९९६ ते २००० या काळात काढली. साकुरा प्राथमिक शाळेतली मुलगी. उडण्याचं कार्ड तिच्या हाती लागतं तेव्हा तिच्या काठीला पंख फुटतात, आणि पुढे ती जादू तिची स्वतःची झाली की ते पंख तिच्याच पाठीवर येतात. तिच्याकडे पाहणारी नजर मुख्यतः तिच्या मैत्रिणीची, तोमोयोची आहे. तोमोयो दर मोहिमेसाठी तिला नवा पोशाख शिवते आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन तिचं उडणं टिपते. ती नजर प्रेमाची आहे, कौतुकाची आहे, आणि तिथे पंख फुटणं हा आरोप नाही. एका मुलीच्या उडण्याची दुसरी मुलगी साक्षीदार आहे. आपल्या गटांमध्ये आपण एकमेकींची दुःखं ऐकतो, त्याला साक्ष देणं म्हणतो. एकमेकींच्या आनंदाला साक्षी राहायला मात्र आपण फारसं शिकलेलो नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण. २००९-१० मध्ये मियाझाकींनी विमानांच्या प्रतिकृतींना वाहिलेल्या एका मासिकात 'वारा उठला आहे' ही मांगा काढली, आणि २०१३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. नायक आहे जिरो होरिकोशी, जपानच्या 'झीरो' या लढाऊ विमानाचा खराखुरा रचनाकार. त्याच्या स्वप्नातली उड्डाणं फार सुंदर आहेत. त्या स्वप्नातून जे निघालं त्याची दहा हजारांहून जास्त विमानं बनली आणि ती युद्धात मारायला आणि मरायला गेली. चित्रपटात त्याची बायको नाहोको क्षयानं अंथरुणावर आहे. तो एका हातानं तिचा हात धरतो, दुसऱ्या हातानं विमानाचे आराखडे काढतो, आणि तिच्या त्या आजारी खोलीत सिगरेट ओढतो. परवानगी तीच देते. नाहोको हे पात्र काल्पनिक आहे. पण एकाच्या उड्डाणासाठी दुसरीनं आपले श्वास द्यावेत, आणि तेही हसतमुखानं, ही रीत आपल्याला काल्पनिक वाटत नाही.

त्याच युद्धात जपानी शाळकरी मुलींना कारखान्यांत कामाला लावलं होतं. त्यांच्यातल्या अनेकींनी हातकागदाचे तुकडे कंदाच्या खळीनं एकमेकांवर चिकटवून प्रचंड फुगे बनवले. १९४४ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वसंतापर्यंत असे नऊ हजारांहून जास्त फुगे, खाली बॉम्ब बांधून, वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले गेले. मे १९४५ मध्ये ओरेगॉन राज्यात जंगलात पडलेल्या अशा एका बॉम्बनं एक गरोदर बाई आणि पाच मुलं मेली. फुगे उडाले, हात मुलींचे होते, आणि आकाश मात्र लष्कराचं. म्हणून मला नाउशिकाच्या त्या दोन साधनांमधला फरक इतका महत्त्वाचा वाटतो. २०१८ मध्ये जपानच्या हवाई दलात पहिली महिला लढाऊ वैमानिक दाखल झाली तेव्हा सगळीकडे 'भरारी'चे मथळे आले. दार उघडलं याचा मला आनंदच आहे. पण बाईला लढाऊ विमान देणं आणि तिला तिचं ग्लायडर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यसंस्था पहिली गोष्ट आज ना उद्या देईल, कारण त्यात तिचा उपयोग आहे. दुसरी गोष्ट मागायची आपल्यालाच लाज वाटते.

चित्रांनी आपोआप काही बदलतं असंही मी म्हणत नाही. जपानमध्ये १९२२ साली तादाशी ह्योदो या बाईनं वैमानिकाचा परवाना मिळवला होता. मांगात उडणाऱ्या मुलींच्या पिढ्या झाल्या. तरी त्या देशात प्रवासी विमानाची पहिली महिला कॅप्टन झाली २०१० मध्ये. आणि जपान एअरलाइन्सनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांवरची उंच टाचांच्या बुटांची सक्ती काढली २०२० मध्ये, तीही बायकांनी मोहीम चालवल्यावर. आकाशात काम करणाऱ्या बाईच्या पायांवरसुद्धा जमिनीवरचे नियम होते.

मग प्रश्न येतो, इतक्या अडचणी असताना आनंदाची गोष्ट कशाला? आधी हिंसा थांबू दे, पोटाला मिळू दे, मग उडू. ही क्रमवारी आपण चळवळीत फार वर्षं चालवली. तिचा परिणाम काय झाला ते पाहा. मुलीवर कुठे अत्याचार झाला की आपण सुरक्षिततेची मागणी करतो, आणि व्यवस्था ती मागणी तत्काळ मान्य करून मुलीलाच घरात बसवते. वसतिगृहाचं फाटक आणखी लवकर बंद होतं. क्लास बंद, सायकल बंद, फोन बंद. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी याच कुलुपांविरुद्ध आंदोलन उभारलं. त्यांनी त्याला नाव दिलं 'पिंजरा तोड', आणि ते नाव पाखराच्या भाषेतलं आहे हा योगायोग नाही. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये आलेल्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात हेच दाखवून दिलं. बाई रस्त्यावर असली की तिला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. विनाकारण थांबण्याचा, भटकण्याचा हक्क हा नागरिकत्वाचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. मांगातली मुलगी हाच हक्क जमिनीपासून वर नेते. विनाकारण उडण्याचा हक्क.

ज्या मुलीला मोकळ्या हालचालीचा आनंद ठाऊकच नाही, ती आपल्याकडून नेमकं काय काढून घेतलं आहे हे कसं सांगणार? आनंद हे लढ्यानंतरचं गोडधोड आहे असं आपण समजतो. माझ्या मते तो लढ्याच्या आधीची ओळख आहे. पिंजरा बोचतो तो पंख हलवून पाहिल्यावर.

शेवटी एका चालू मांगाबद्दल. कामोमे शिराहामा या चित्रकर्तीची 'टोकदार टोपीची कार्यशाळा' २०१६ पासून येते आहे. कोको ही कपडे शिवणाऱ्या बाईची मुलगी. जादू ही जन्मानंच मिळते, इतरांनी तिच्या वाटेला जाऊ नये, असं त्या जगात सगळ्यांना सांगितलेलं आहे. कोको चोरून पाहते, आणि तिला दिसतं की जादू शाईनं, लेखणीनं काढली जाते. म्हणजे ती कुणालाही शिकता येते. उडण्याचे बूटसुद्धा असेच. तळव्यांवर अर्धं अर्धं वर्तुळ रेखलेलं, पाय जुळवले की ते पूर्ण होतं आणि माणूस वर उचलला जातो. हे गुपित बाहेरच्या कुणाला कळलं तर त्याची आठवण पुसून टाकली जाते. जन्माच्या नावाखाली विद्या कशी राखून ठेवतात, आणि लेखणी हाती आली की काय होतं, हे महाराष्ट्रातल्या बायकांना जपानमधून शिकण्याची गरज नाही. सावित्रीबाईंच्या लेकींना ही गोष्ट एका बैठकीत कळेल.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. येत्या वर्षाच्या नियोजनात प्रत्येक किशोरी गटाला महिन्यातली एक दुपार अशी द्या, की जिचा अहवाल लिहायचा नाही. सायकल, झोका, पोहणं, टेकडीवरून धावत उतरणं, जे जमेल ते. देणगीदार उद्दिष्ट विचारतील, तर उद्दिष्ट 'आनंद' असंच लिहा, आणि ते खोडलं तर पुन्हा लिहा. त्या दुपारी मुलींबरोबर बसून त्यांची आवडती चित्रं पाहा आणि ते तीन प्रश्न त्यांनाच विचारू द्या. किती वेळ, कोण पाहतंय, किंमत कुणाची. आणि गटाच्या दाराशी उभं राहून कुणी म्हणालं, "पंख फुटलेत या पोरींना", तर खुलासा करत बसू नका. हो म्हणा.